बायबलमधील स्वेच्छासेवा आणि कर्तव्यबंधन

बायबलमधील स्वेच्छासेवा आणि कर्तव्यबंधन हा ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासातील एक महत्त्वाचा विषय आहे. देवाची किंवा माणसाची सेवा मनुष्याने आपण होऊन करावी, की आज्ञा, ऋण अथवा भय यांमुळे करावी, आणि यांपैकी कोणत्या सेवेस धार्मिक मूल्य आहे, असा हा प्रश्न आहे. जुन्या करारात तो अर्पणे, नवस, कर आणि वेठ यांच्या संदर्भात येतो. नव्या करारात येशूचे दाखले, प्रेषित पौलाची पत्रे आणि आरंभीच्या मंडळ्यांचा व्यवहार यांतून तो पुढे येतो.

या प्रश्नाचे उत्तर बायबलमध्ये एखाद्याच वचनात मिळत नाही. एकूण पाहता कर्तव्य आणि स्वेच्छा हे परस्परांचे शत्रू आहेत, असे बायबल मानत नाही. त्याचा विरोध आहे तो सक्तीशी. जे देणे लागतेच, तेही मनुष्याने खुशीने द्यावे, अशी अपेक्षा अनेक ठिकाणी दिसते. परंतु खुशीची ही अपेक्षा कोणी कोणाकडून करावी, हा प्रश्न पुढील इतिहासात अत्यंत वादग्रस्त ठरला. गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक या दोघांनीही याच ग्रंथातील वचनांचा आधार घेतला.

## मूळ शब्द

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत आपण होऊन दिलेल्या दानास 'नेदावा' असा शब्द आहे. अंतःकरणाने प्रवृत्त होणे, स्वतःहून पुढे येणे असा त्याच्या मूळ धातूचा अर्थ आहे. मराठी बायबलमध्ये नेदावासाठी 'स्वखुशीचे अर्पण' अशी शब्दयोजना आढळते. याउलट राजाने प्रजेकडून करून घेतलेल्या सक्तीच्या श्रमास हिब्रूत 'मस' म्हणतात.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत या विषयाशी निगडित शब्दांची एक जोडी वारंवार येते. 'अनांके' म्हणजे निकड, अपरिहार्यता किंवा सक्ती. आणि 'हेकूसिओस' म्हणजे स्वेच्छेचे, राजीखुशीचे. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात (१४) ही जोडी समोरासमोर येते. करिंथकरांस पहिल्या पत्रात (९:१६-१७) आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:२) याच कुळातील शब्दांनी हा विरोध मांडला आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (९:७) दान देताना 'अनांके' नसावी, असे सांगितले आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, गणना १५:३ येथे स्वखुशीच्या अर्पणासाठी जो वाक्प्रयोग आहे, तोच पौलाने फिलेमोनाच्या पत्रात योजला आहे. त्यामुळे त्या पत्रातील विनंतीला वेदीवरील अर्पणाच्या भाषेची छटा लाभते.

सेवेसाठीही ग्रीकमध्ये एकच शब्द नाही. 'दूलोस' म्हणजे मालकाच्या स्वामित्वाखालचा दास किंवा गुलाम. 'दियाकोनोस' म्हणजे पंक्तीत वाढणारा, निरोप पोहोचवणारा, सेवा करणारा मनुष्य. मंडळीतील 'डीकन' हे पद याच शब्दावरून आले. 'लेइतूर्गिया' हा मुळात नागरी व्यवहारातील शब्द होता. प्राचीन अथेन्समध्ये धनवान नागरिकांना युद्धनौकेची सज्जता किंवा उत्सवातील नाट्यप्रयोग यांसारख्या सार्वजनिक कार्यांचा खर्च उचलावा लागे. त्या भाराला हे नाव होते. पुढे हा शब्द उपासनेसाठी रूढ झाला. पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी गोळा केलेल्या निधीस 'दियाकोनिया' आणि 'लेइतूर्गिया' असे दोन्ही शब्द एकत्र वापरले आहेत (२ करिंथ ९:१२). सेवा आणि नागरिकाचे देणे हे दोन्ही अर्थ तेथे एकाच कृतीत मिसळले आहेत.

## जुना करार

### निवासमंडप: कर आणि दान

निर्गमाच्या पुस्तकात सीनाय रानातील निवासमंडपाच्या उभारणीचे वर्णन आहे. त्यासाठी द्रव्य दोन मार्गांनी आले. एक मार्ग सक्तीचा होता: गणतीत आलेल्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल द्यावा, धनवानाने अधिक देऊ नये आणि गरिबाने उणे देऊ नये (३०:११-१६). दुसरा मार्ग स्वेच्छेचा होता: ज्याच्या मनाला प्रेरणा होईल त्याने सोने, रुपे, तांबे, सूत, कातडी किंवा लाकूड आणावे (२५:२, ३५:४-२९). स्त्रियांनी सूत कातून आणले, कारागिरांनी आपले कौशल्य दिले. लोक इतके आणू लागले की काम करणाऱ्यांनी मोशेकडे तक्रार केली आणि आणखी काही आणू नये, अशी दवंडी पिटवावी लागली (३६:३-७).

हिशेबाच्या प्रकरणात एक लक्षणीय नोंद आहे. ६,०३,५५० पुरुषांच्या अर्ध्या शेकेलातून १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल रुपे जमले. त्यांपैकी १०० किक्कार रुप्याच्या १०० बैठका ओतण्यात आल्या (३८:२५-२७). म्हणजे मंडपाचा सांगाडा ज्या बैठकांवर उभा राहिला त्या सर्वांकडून सारख्या घेतलेल्या कराच्या होत्या. आणि त्यावरचे सोन्याचे काम व विणलेले पडदे स्वखुशीच्या अर्पणांतून आले. ग्रंथकाराने या रचनेचा कोणताही रूपकात्मक अर्थ सांगितलेला नाही. तथापि, बंधनकारक देणे आणि खुशीचे देणे ही दोन्ही एकाच वास्तूत एकमेकांच्या आधाराने उभी आहेत, हे त्या हिशेबातून दिसते.

### नवस आणि स्वखुशीचे अर्पण

लेवीयाच्या पुस्तकात नवसाचे अर्पण आणि स्वखुशीचे अर्पण यांची नावे जोडीने येतात. परंतु त्यांचे नियम सर्वस्वी एक नाहीत. एखादा अवयव प्रमाणाहून मोठा किंवा खुरटलेला असलेला गोऱ्हा अथवा मेंढरू स्वखुशीचे अर्पण म्हणून चालते, नवस फेडण्यासाठी चालत नाही (२२:२३). याचे सामान्यतः दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की नवस बोलताच ते देणे ऋण बनते, आणि ऋण पुरतेपणी फेडावे लागते. आपण होऊन दिलेल्या वस्तूत मात्र देणाऱ्याच्या मनाला महत्त्व असते.

अनुवादाच्या पुस्तकात हीच रेषा अधिक स्पष्ट आहे. नवस न करण्यात पाप नाही. पण तोंडाने बोलून गेल्यावर तो न फेडणे पाप आहे (२३:२१-२३). स्वेच्छा येथे आरंभाशी आहे आणि बंधन तिच्या पोटी जन्मलेले आहे. पुढील काळात संन्यस्त जीवनाच्या शपथांविषयी जो वाद झाला, त्याचे मूळ या विचारात सापडते.

### आवडीने पत्करलेले दास्य

निर्गम २१:२-६ येथे हिब्रू दासाचा नियम आहे. सहा वर्षे सेवा केल्यावर सातव्या वर्षी त्याने मोबदला न देता मुक्त व्हावे. परंतु माझे धन्यावर, बायकोवर व मुलांवर प्रेम आहे, मला मुक्त व्हावयाचे नाही, असे त्याने सांगितले, तर दाराच्या चौकटीशी त्याचा कान अरीने टोचावा आणि मग त्याने कायम सेवा करावी. भक्तिपर लेखनात हा कान टोचलेला दास प्रेमाने केलेल्या सेवेचे प्रतीक म्हणून पुष्कळदा येतो.

तथापि, त्याआधीचे वचन दुर्लक्षून चालत नाही. बायको धन्याने दिलेली असेल तर ती आणि मुले धन्याचीच राहतात, दासाने एकट्यानेच जावे, असे तेथे म्हटले आहे (२१:४). अशा परिस्थितीत दासाने राहण्याचे ठरवले, तर ती कितपत स्वेच्छा म्हणावी, हा प्रश्न उरतो. अनुवाद १५:१२-१८ मध्ये याच नियमाचे दुसरे रूप आहे. त्यात बायकामुलांची अट नाही, आणि मुक्त होणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नये, शेरडेमेंढरे, धान्य व द्राक्षारस द्यावा, अशी धन्याला आज्ञा आहे.

### शलमोनाची वेठ

मंदिराच्या बांधकामाविषयी दोन परंपरा बायबलमध्ये शेजारीशेजारी आहेत. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात दाविदाच्या आवाहनानुसार सरदार व प्रजा आनंदाने द्रव्य देतात. आम्ही स्वखुशीने देण्यास समर्थ व्हावे असे आम्ही कोण. जे तुझ्याकडून मिळाले तेच तुला दिले, अशा आशयाची दाविदाची प्रार्थना तेथे आहे (२९:१४). स्वेच्छादानाने देवावर उपकार होत नाहीत, ही तिची भूमिका आहे.

राजांच्या पहिल्या पुस्तकातील चित्र निराळे आहे. शलमोनाने सर्व इस्राएलातून ३०,००० माणसे वेठीस लावली. दर महिन्यास १०,००० याप्रमाणे ती लबानोनात पाठवली जात. एक महिना तिकडे आणि दोन महिने घरी, अशी पाळी असे (५:१३-१४). त्याच पुस्तकात अन्यत्र, शलमोनाने इस्राएल लोकांस दास केले नाही, असेही विधान आहे (९:२२). या दोहोंचा मेळ कसा घालावा याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याचा पुत्र रहबाम याच्याकडे जड जू हलके करण्याची मागणी केली. वडीलधाऱ्यांचा सल्ला असा होता की, राजा आज लोकांचा सेवक झाला तर लोक त्याचे कायमचे सेवक होतील (१२:७). रहबामाने तो झुगारला. वेठीवरील अंमलदाराला लोकांनी दगडमार करून ठार केले आणि राज्य दुभंगले (१२:१८-२०).

### संदेष्ट्यांचे पाचारण

संदेष्ट्यांच्या पाचारणातही हा भेद दिसतो. यशया स्वतःहून पुढे येतो (यशया ६:८). मोशे सबबी सांगतो, यिर्मया आपल्या अल्पवयाकडे बोट दाखवतो, आणि योना तर विरुद्ध दिशेला जाणाऱ्या तारवात बसतो. यिर्मया पुढे सांगतो की, बोलायचे नाही असे ठरवले तरी हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखे ते वचन त्याला आवरता येत नाही (यिर्मया २०:९). ही निकड बाहेरच्या सक्तीहून वेगळी आहे, आणि साध्या खुशीहूनही वेगळी आहे. पौलाच्या पत्रांत हीच अवस्था पुन्हा भेटते.

## शुभवर्तमाने

### दुसरा कोस

डोंगरावरील प्रवचनात, कोणी एक कोस चालण्याची सक्ती केली तर त्याच्याबरोबर दोन कोस जावे, असा उपदेश आहे (मत्तय ५:४१). येथील ग्रीक क्रियापद 'अंगारेउओ' हे इराणी साम्राज्याच्या डाकव्यवस्थेतून आलेल्या शब्दावरून बनले आहे. रोमन काळात सैनिक व अंमलदार स्थानिक रहिवाशांना ओझी वाहण्यास किंवा जनावरे देण्यास भाग पाडत; त्यासाठी हे क्रियापद वापरले जाई. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'वेठीस धरणे' हा नेमका वाक्प्रचार येतो. पहिला कोस वेठीचा आहे आणि तो टाळता येत नाही. दुसरा कोस मात्र चालणाऱ्याचा स्वतःचा आहे. काही भाष्यकार यात अन्यायाला शरण जाण्याचा उपदेश पाहतात. काही असे मानतात की, दुसऱ्या कोसाने वेठीस धरलेला मनुष्य निर्णयाचा अधिकार आपल्याकडे परत घेतो.

हेच क्रियापद वधस्तंभाच्या वृत्तान्तात पुन्हा येते. रानातून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला सैनिकांनी येशूचा वधस्तंभ वाहण्यासाठी वेठीस धरले (मार्क १५:२१, मत्तय २७:३२). येशूच्या मागे येणाऱ्याने आपला वधस्तंभ उचलावा, असे शिष्यांना सांगितले होते (मार्क ८:३४). प्रत्यक्षात शिष्य पळून गेले होते, आणि तो भार सक्तीने पकडलेल्या एका वाटसरूने वाहिला. शिमोनाच्या मनात काय होते, हे शुभवर्तमान सांगत नाही. मार्क त्याच्या दोन मुलांची नावे मात्र देतो, आणि त्यावरून हे कुटुंब आरंभीच्या मंडळीला परिचित असावे, असा तर्क केला जातो.

### दोन दाखले, एकच कंबरपट्टा

लूक १७:७-१० येथील दाखला कर्तव्याच्या बाजूचा सर्वांत कठोर दाखला मानला जातो. शेत नांगरून आलेल्या दासाला धनी लगेच पंक्तीला बसवत नाही. कंबर बांधून आधी माझी सेवा कर, असे सांगतो. सर्व आज्ञा पाळल्यावरही, आम्ही निरुपयोगी दास आहोत, करावयाचे तेवढेच केले, असे शिष्यांनी म्हणावे. सेवा करून देवावर हक्क सांगता येत नाही, असा याचा अर्थ घेतला जातो.

त्याच शुभवर्तमानात १२:३७ येथे हे चित्र उलटे केले आहे. धनी परत येईल तेव्हा जागे असलेल्या दासांना तो पंक्तीला बसवील, आणि स्वतः कंबर बांधून त्यांची सेवा करील. कंबर बांधणे आणि वाढणे या दोन्ही क्रियापदांची दोन्ही ठिकाणी पुनरुक्ती आहे. दासाला जे मागण्याचा अधिकार नाही, ते धनी आपण होऊन करतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो (१३:१-१७), तो प्रसंग याच विचाराचे प्रत्यक्ष रूप म्हणून वाचला जातो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ आपल्या इतक्या वर्षांच्या कष्टांसाठी 'दूलोस' या शब्दावरून बनलेले क्रियापद वापरतो (लूक १५:२९). घरात राहून त्याने एकही आज्ञा मोडलेली नाही, पण तो स्वतःला पुत्र समजण्याऐवजी दास समजत आला आहे. आज्ञापालनात त्याची कोठेही उणीव नाही. उणीव आहे ती आनंदाची.

### स्वेच्छेचा गैरवापर

स्वेच्छा नेहमीच कर्तव्यापेक्षा श्रेष्ठ असते, असेही शुभवर्तमाने मानत नाहीत. मार्क ७:९-१३ येथे 'कुर्बान' या प्रथेवर टीका आहे. मालमत्ता देवाला वाहिली आहे असे जाहीर करून काही जण वृद्ध आईबापांना आधार देण्याचे टाळत. नवस ऐच्छिक होता आणि आईबापांचा सन्मान ही आज्ञा होती. येशू आज्ञेच्या बाजूने उभा राहतो. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश देणाऱ्या परूश्यांना तो न्याय, दया व विश्वास यांची आठवण देतो. मात्र दशमांश सोडावा, असे सांगत नाही (मत्तय २३:२३).

### स्वतःहून दिलेला प्राण

मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नव्हे, तर सेवा करायला आला, हे मार्क १०:४५ येथील तत्त्व ख्रिस्ती सेवेचा पाया मानले जाते. योहान १०:१७-१८ येथे येशू सांगतो की, त्याचा प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो. आणि त्याच वाक्यप्रवाहात ही पित्याची आज्ञा असल्याचेही तो सांगतो. गेथशेमाने बागेतील प्रार्थनेत मात्र संघर्ष उघड आहे: प्याला दूर व्हावा अशी इच्छा आहे, आणि तरी पित्याची इच्छा स्वीकारली आहे (मार्क १४:३६). स्वेच्छा म्हणजे मनात विरोध नसणेच नव्हे, हे या प्रसंगावरून धर्मशास्त्रज्ञ दाखवून देतात.

## आरंभीची मंडळी आणि पौल

### हनन्या व सप्पीरा

प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या मंडळीतील सामायिक मालमत्तेचे वर्णन आहे. बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले (४:३६-३७). त्यानंतर हनन्या व सप्पीरा या जोडप्याने विक्रीच्या रकमेतील काही भाग मागे ठेवून सर्वच दिल्याचा आव आणला. पेत्राच्या बोलण्यातील मुद्दा महत्त्वाचा आहे: जमीन विकण्यापूर्वी त्यांचीच होती, आणि विकल्यावरही रक्कम त्यांच्याच अधिकारात होती (५:४). देणे सक्तीचे नव्हते. त्यांचा अपराध खोटेपणाचा होता. स्वेच्छादानाचे श्रेय स्वेच्छेवाचून मिळवण्याचा तो प्रयत्न होता.

### पौलाची निकड

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल आपल्या हक्कांची यादी देतो. शिपाई, मळेवाला आणि मेंढपाळ यांना जसा श्रमाचा वाटा मिळतो, तसा सुवार्तिकालाही मिळावा, हे तो मान्य करतो. मग तो सांगतो की, हा हक्क त्याने वापरला नाही. सुवार्ता सांगण्याबद्दल त्याला अभिमान बाळगता येत नाही, कारण ती त्याच्यावर लादलेली निकड आहे. स्वेच्छेने केली तर वेतन, आणि स्वेच्छेने नसेल तर ती सोपवलेली कारभारकी (९:१६-१७). त्याचे स्वातंत्र्य कामात नाही, ते फुकट करण्यात आहे. कर्तव्य निवडता येत नसेल, तरी त्यावरचा मोबदला सोडणे त्याच्या हाती आहे.

### यरुशलेमसाठी निधी

मासेदोनिया, अखया आणि गलतिया येथील मंडळ्यांकडून यरुशलेममधील गरिबांसाठी निधी गोळा करणे, हे पौलाचे अनेक वर्षांचे कार्य होते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत तो हे आज्ञा म्हणून सांगत नसल्याचे स्पष्ट करतो (८:८), आणि प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, खेद किंवा सक्ती नसताना द्यावे, असे लिहितो (९:७). दशमांशाचा उल्लेख तो करत नाही. देणाऱ्याजवळ जे आहे त्या मानाने दान मान्य होते, असे तत्त्व सांगतो (८:१२). त्याच वेळी गरीब मासेदोनियाच्या उदाराचे उदाहरण देऊन आणि आपण आलो असता करिंथकर तयार नसतील तर फजिती होईल, असे सुचवून (९:४) तो त्यांच्यावर नैतिक दबावही आणतो.

रोमकरांस पत्रात या निधीचा उल्लेख करताना तो एकाच वाक्यात दोन्ही बाजू मांडतो: त्यांनी हे संतोषाने केले, आणि ते यरुशलेमकरांचे ऋणीही आहेत (१५:२७). खुशी आणि ऋण यांच्या संबंधाविषयी बायबलमधील हे सर्वांत नेटके विधान मानता येईल.

### फिलेमोनाला पत्र

फिलेमोनाला लिहिलेले पत्र केवळ २५ वचनांचे आहे. बंदिवासात असलेला पौल अनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवत आहे. हुकूम करण्याचे धैर्य असूनही प्रीतीस्तव विनंती करतो, असे तो प्रारंभी म्हणतो (८-९). अनेसिमाला जवळ ठेवून घेणे त्याला आवडले असते. परंतु फिलेमोनाचे चांगले कृत्य सक्तीचे न होता स्वखुशीचे व्हावे, म्हणून त्याच्या संमतीवाचून काही करण्याचे त्याने टाळले (१३-१४). अनेसिमाचा स्वीकार दास म्हणून न करता, दासाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून करावा, अशी त्याची मागणी आहे (१६).

तरीही पत्राच्या उत्तरार्धात दबाव जाणवतो. फिलेमोन स्वतःच पौलाचा ऋणी असल्याची आठवण आहे (१९), त्याच्या आज्ञापालनाविषयी खात्री आहे (२१), आणि आपल्यासाठी उतरण्याची खोली तयार ठेवण्याची सूचना आहे (२२). येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, ज्याच्या स्वेच्छेचा आदर केला जात आहे तो धनी आहे. परत जाणाऱ्या अनेसिमाची इच्छा काय होती, हे पत्रात नोंदलेले नाही.

### वडील आणि दास

पेत्राच्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडिलांना कळपाचे पालन सक्तीने न करता संतोषाने करण्यास, आणि आपल्या हाती सोपवलेल्यांवर धनीपण न गाजवण्यास सांगितले आहे (५:२-३). येथे खुशीची अपेक्षा अधिकार असलेल्यांकडून आहे. इफिसकरांस पत्रात (६:५-८) आणि कलस्सैकरांस पत्रात (३:२२-२४) मात्र दासांनीही आपली सेवा माणसांची नसून प्रभूची आहे असे मानून मनापासून करावी, असा बोध आहे. ही दोन पत्रे स्वतः पौलाची आहेत की त्याच्या शिष्यपरंपरेतील, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही पत्रांत धन्यांनाही स्वर्गातील धन्याची जाणीव दिलेली आहे.

## पुढील परंपरा

सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमाच्या पाचव्या प्रकरणात आज्ञापालन कुरकुर न करता, आनंदी मनाने करावे, असा आग्रह आहे. ओठांनी होकार देऊन मनात कुरकुरणाऱ्याचे आज्ञापालन तेथे निष्फळ मानले आहे. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस यांनी, नवसाने बांधून घेऊन केलेले सत्कृत्य नवसाविना केलेल्या कृत्याहून श्रेष्ठ असते, असे प्रतिपादन केले. त्यांच्या मते, नवस करणारा एखादे कृत्यच नव्हे, तर कृत्य करण्याचे सामर्थ्यही देवाला देतो. फळाबरोबर झाड देण्यासारखे ते आहे.

मार्टिन लूथर यांनी १५२० मध्ये ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर निबंध लिहिला. विश्वासामुळे ख्रिस्ती मनुष्य कोणाच्याही अधीन नाही, आणि प्रीतीमुळे तो सर्वांचा सेवक आहे, असा त्याचा दुहेरी सिद्धान्त आहे. तारण कृत्यांनी मिळवायचे नसल्यामुळे शेजाऱ्याची सेवा निर्हेतुक होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. कर्तव्याहून अधिक पुण्यकृत्ये करता येतात, ही कल्पना प्रोटेस्टंट पंथांनी नाकारली. चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांपैकी चौदावे कलम याविषयी आहे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत देवाच्या आज्ञांचे विवेचन कृतज्ञता या भागात केले आहे. आज्ञा त्याच राहिल्या. त्या पाळण्याचे कारण बदलले.

## गुलामगिरीचा वाद

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा विषय ग्रंथचर्चेपुरता उरला नाही. गुलामांनी मनापासून सेवा करावी, हा इफिस व कलस्सै येथील पत्रांतील बोध धनी आणि त्यांचे धर्मोपदेशक गुलामांपुढे वारंवार मांडत. श्रम तर सक्तीने घेतलेच जात होते. आता त्या श्रमांतील मनही मागितले जात होते.

जॉर्जियातील लिबर्टी परगण्यात गुलामांना धर्मशिक्षण देणारे प्रेस्बिटेरियन पाळक चार्ल्स कोलकॉक जोन्स यांनी स्वतःच एक प्रसंग नोंदवला आहे. १८३३ मध्ये त्यांनी फिलेमोनाच्या पत्रावर प्रवचन करून पळून जाणे निंद्य असल्याचे सांगितले, तेव्हा निम्मे श्रोते उठून निघून गेले. उरलेल्यांपैकीही अनेक जण असमाधानी होते. असे पत्र बायबलमध्ये नाहीच, असे काहींनी सांगितले. ज्यांना वाचण्याची मुभा नव्हती, त्या श्रोत्यांनी केलेला हा अर्थनिर्णय होता.

पळून गेलेल्या गुलामांना धन्याच्या स्वाधीन करण्याचा कायदा १८५० मध्ये झाला. त्याच वर्षी बायबलचे अभ्यासक मोझेस स्टुअर्ट यांनी पौलाने अनेसिमाला परत पाठवल्याचा दाखला दिला. त्याआधीच, १८४६ मध्ये, फिलाडेल्फियाचे अल्बर्ट बार्न्स यांनी बायबलच्या गुलामगिरीविषयक भूमिकेवर ग्रंथ लिहून समर्थकांचे युक्तिवाद खोडून काढले होते. अनेसिम स्वतःच्या इच्छेविरुद्ध परत गेला असा पुरावा पत्रात नाही, असा त्यांचा मुद्दा होता. गुलामगिरीचे विरोधक अनुवाद २३:१५-१६ चाही आधार घेत. धन्यापासून पळून आश्रयास आलेल्या दासाला परत सोपवू नये, अशी आज्ञा तेथे आहे.

या वादातून एक कसोटी पुढे आली आणि आजही ती अभ्यासकांना उपयोगी पडते. खुशीने सेवा करण्याचा बोध जो अधिकारी स्वतःला लावतो, त्याच्या तोंडी त्याचा अर्थ एक असतो. आणि नकार देण्याची सोय नसलेल्याला तो सांगितला जातो, तेव्हा त्याचा अर्थ निराळा होतो. मंडळीतील विनावेतन सेवा, दशमांशाचा आग्रह आणि घरातील स्त्रियांच्या श्रमांविषयीच्या आजच्या चर्चांतही ही कसोटी लावली जाते.

## मराठी भाषांतरांतील शब्द

नव्या कराराचे मराठी भाषांतर विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली सेरामपूर येथून १८११ मध्ये प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मराठी बायबलमध्ये 'दूलोस' यासाठी सामान्यतः 'दास' आणि 'दियाकोनोस' यासाठी 'सेवक' असे शब्द रूढ आहेत. मराठीत 'दास' या शब्दाला वारकरी व रामदासी परंपरेमुळे भक्तीचा गोडवा आहे. समर्थ रामदासांच्या नावातच तो आहे; तेथील दास्य भक्ताने स्वतः निवडलेले आहे. त्यामुळे पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो (रोमकरांस १:१), तेव्हा मराठी वाचकाला प्रथम भक्त ऐकू येतो. पहिल्या शतकातील ग्रीक श्रोत्याला मात्र बाजारात विकत घेतलेला, कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचा मनुष्य दिसत असे. 'वेठ' या शब्दाचे उलट आहे. गावच्या वेठबिगारीची स्मृती वागवणारा हा शब्द सैनिकाने लादलेल्या ओझ्याचा अर्थ कोणत्याही टिपेवाचून पोहोचवतो. फिलेमोनाच्या पत्रातील अनेसिमासाठी मराठीत 'दास' हाच शब्द वाचताना, त्याने ते दास्य निवडलेले नव्हते, हे वाचकाला आठवणीने ध्यानात ठेवावे लागते.